एका गोळीमागचे लोखंड

माननीय संपादक,
स. न.

मूलभूत संशोधनावरील खर्चाविषयी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आलेल्या लेखात, निर्वात नळीत धातूंचे सुटे आयन (विद्युतभारित अणू) तरंगवत बसणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांची बरीच थट्टा करून, तोच पैसा फुप्फुसांच्या आजारांवर लावावा, असे सुचवले आहे. मी तीस वर्षे पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवले आणि माझ्या धाकट्या बहिणीला फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा विकार आहे. लेखकाने एकमेकींच्या विरोधात उभ्या केलेल्या या दोन्ही गोष्टी त्यामुळे माझ्या घरातल्याच आहेत.

अशोक चौकातील घराच्या तेरा पायऱ्या चढताना सातव्या पायरीला ती कठडा धरून थांबू लागली, तेव्हा दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिले गेले, ते 120/80 भरले आणि तिला अशक्तपणावरचे टॉनिक मिळाले. पण दंडावर मोजला जातो तो सर्व शरीराला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा दाब. फुप्फुसातील धमन्यांचा दाब निराळा. निरोगी माणसात तो सरासरी पाऱ्याच्या सुमारे 14 मिलिमीटर एवढाच असतो आणि 20 च्या वर गेला की आजार मानला जातो (2018 पर्यंत ही रेषा 25 वर होती). तो खात्रीने मोजायचा तर शिरेतून हृदयाच्या उजव्या भागात नळी सरकवावी लागते. जर्मन डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी 1929 मध्ये हा प्रयोग प्रथम स्वतःवर केला आणि त्याबद्दलचे नोबेल त्यांना 1956 मध्ये, दोघांबरोबर विभागून मिळाले. बहिणीची ही तपासणी पुण्यात झाली, तोवर दीड वर्ष गेले होते.

तिला दिवसातून तीनदा सिल्डेनाफिलची 20 मिलिग्रॅमची गोळी घ्यावी लागते. व्हायाग्रा म्हणून प्रसिद्ध असलेले औषध हेच, त्यामुळे ही गोळी मागताच औषधाच्या दुकानातला मुलगा गालातल्या गालात हसतो, म्हणून आता चिठ्ठी घेऊन मी जातो. हसण्याऐवजी त्याने 'सॉर्बिट्रेट (छातीत दुखण्यावरची, हृदयरुग्णांची गोळी) चालू आहे का?' एवढे विचारले असते, तर ते उपयोगी ठरले असते, कारण ही दोन औषधे एकत्र पोटात गेली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. आणि तो का कोसळतो, याच्या उत्तरातच लेखकाच्या प्रश्नाचेही उत्तर आहे.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतात. 1998 चे वैद्यकाचे नोबेल याच शोधासाठी दिले गेले. हा वायू शेजारच्या स्नायूपेशीतील एका विकराला (एन्झाइमला) जाऊन चिकटतो, विकर जागे होऊन सायक्लिक जीएमपी नावाचे संदेशद्रव्य बनवते आणि स्नायू सैल पडतो. सॉर्बिट्रेट हा वायू पुरवते, सिल्डेनाफिल ते संदेशद्रव्य मोडू देत नाही. म्हणजे एकाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने मोरी बुजवायची. फुप्फुसांच्या या आजारात मुळात नळच बारीक झालेला असतो. त्यातच, शरीरात इतरत्र प्राणवायू कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात, फुप्फुसात मात्र त्या आकसतात. ऑयलर आणि लिलियेस्ट्रँड या शास्त्रज्ञांनी 1946 मध्ये मांजरांवर हे दाखवले. आजही प्रयोगशाळांत उंदरांना काही आठवडे दहा टक्के प्राणवायूच्या पेटीत ठेवतात आणि शेवटी त्यांच्या हृदयाची उजवी जवनिका (फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा कप्पा) कापून, डावीच्या तुलनेत तिचे वजन किती वाढले, ते काट्यावर पाहतात.

आता लोखंडाकडे येतो. नायट्रिक ऑक्साइड विकराला जिथे चिकटतो, तिथे हीम नावाची वलयाकार रचना असते आणि हीमच्या मध्यभागी लोहाचा एकच अणू. हिमोग्लोबिनमध्येही हेच हीम आहे. परंतु हिमोग्लोबिनचे लोह प्राणवायू धरते, तर विकराचे लोह भोवती प्राणवायू असताना त्याला दाद न देता नायट्रिक ऑक्साइडच तेवढा पकडते. यातला किती भाग लोहाच्या स्वभावाचा आणि किती भोवतीच्या प्रथिनाचा, हे कळायचे तर प्रथिन आणि पाणी दोन्ही दूर सारून लोह एकटे पाहावे लागते. मास स्पेक्ट्रोमीटर या आयनांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या निर्वात पोकळीत, वातावरणाच्या अब्जांशाहूनही कमी दाबावर, नेमके तेच होते: आयन चुंबकीय क्षेत्रात अडकवून ठेवतात, वायूचे मोजके रेणू आत सोडतात आणि कोण कोणाला किती घट्ट धरतो, ते मोजतात. हीमच्या आयनाशी नायट्रिक ऑक्साइडचा बंध असाच मोजला गेला आहे. त्याही आधी, 1979 मध्ये, लोहाचा उघडा आयन ब्युटेनच्या रेणूतील कार्बन-कार्बन बंध तोडतो, असे दिसून आले होते. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये असतो तोच हा ब्युटेन, आणि एरवी तो जाळल्याशिवाय कशालाही बधत नाही.

सिल्डेनाफिलचा शोध अशा पोकळीत लागला, असा दावा मी करणार नाही. ते हृदयशूळावरचे औषध शोधताना हाती आले. परंतु 2013 मध्ये मान्यता मिळालेले, याच आजारावरचे रिओसिग्वाट हे औषध थेट त्या विकरावरच काम करते, आणि विकर व लोह यांचा संबंध कोणी उलगडला नसता, तर ते नेमके कसे काम करते, हे कळले नसते. म्हणूनच 'आयन की फुप्फुसे' हा लेखकाने मांडलेला पर्याय मला मुळातच चुकीचा वाटतो.

दोष माझाही आहे. केगावचे विद्यापीठ आणि डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय एकाच सोलापुरात आहेत. मी मात्र फळ्यावर हीमची आकृती वर्षानुवर्षे काढली आणि एकाही विद्यार्थ्याला एखाद्या रुग्णाच्या इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) ताणलेली उजवी जवनिका दाखवायला नेले नाही. रसायनशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना एका दुपारी एकत्र बसवण्याची तयारी शहरातील कोणत्याही महाविद्यालयाने दाखवली, तर बहिणीचे इको आणि नळी-तपासणीचे अहवाल घेऊन मी येईन. तिची परवानगी मी घेतली आहे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक,
जुळे सोलापूर