दुसुतीची घरे, पडद्यावरची घरे

फोंडा, गोवा

चिरंजीव ओंकार यास आईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले आपल्या अंगणातल्या तुळशी वृंदावनाचे चित्र पाहिले. चार वेळा करूनही ते चिखल झाल्यासारखे दिसते, तेव्हा पिक्सेल आर्ट, म्हणजे पडद्यावरचे चौकोनी ठिपके घराघराने भरून चित्र, करणारी माणसे मुळात सुरुवात तरी कशी करतात, असे तू विचारले होतेस. फोनवर मी नुसते ‘बघते’ म्हणाले होते. पण गेले आठ-दहा दिवस शाळेतून आल्यावर याच विषयावर मिळेल ते वाचत बसले आहे आणि आता उत्तर फोनवर मावेल असे राहिलेले नाही.

आधी तुझ्या चित्राविषयी. तू वृंदावनाचा फोटो घेऊन तो लहान केलास, हे मला पाहताक्षणी कळले. फोटो लहान करताना संगणक साधारणपणे शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो, आणि चुन्याचा पांढरा, शेवाळाचा हिरवा व कावेचा तांबडा यांची सरासरी काढली तर जो रंग हाती येतो तो आपल्या वृंदावनावर कुठेच नाही. ज्यांनी ही कला सुरू केली त्यांच्याकडे लहान करायला फोटोच नव्हता. त्यांच्यासमोर रिकामी घरे होती आणि प्रत्येक घर भरायचे की सोडायचे, हे त्यांना स्वतः ठरवावे लागत होते.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स हा खेळ तयार केला. त्यातले शत्रू माणकी (स्क्विड), कुर्ली (खेकडा) आणि ऑक्टोपस यांच्यावरून घेतलेले आहेत, म्हणजे आपल्या मासळीबाजारातलीच मंडळी. माणकी आठ घरे रुंद, कुर्ली अकरा आणि ऑक्टोपस बारा. उंची मात्र तिघांचीही आठच. संपूर्ण पडदा २५६ बाय २२४ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपका एक तर पेटलेला किंवा विझलेला, आणि रंग हवा म्हणून काचेवर रंगीत पट्ट्या लावलेल्या. हिशेब करून पाहा, त्या पडद्याला सात किलोबाइट स्मृती पुरते. तुझ्या चिखलाच्या फाइलने त्याच्या कित्येक पट जागा घेतली आहे.

ही चित्रे यंत्रात कशी जात, हे मला सर्वांत गमतीचे वाटले, कदाचित गणित शिकवत असल्यामुळे असेल. चित्र आधी चौकटीच्या कागदावर काढत. मग आठ घरांच्या एका ओळीतल्या घरांना डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती देऊन भरलेल्या घरांची बेरीज करत, आणि तो आकडा यंत्राला देत. पणतीच्या ज्योतीचे उदाहरण घे. वरच्या ओळीत मधली दोनच घरे भरली तर १६ आणि ८ मिळून २४ होतात. खालच्या ओळीत मधली चार भरली तर ३२, १६, ८ आणि ४ मिळून ६०. म्हणजे २४, ६०, ६०, २४ असे चार आकडे लिहिले की ज्योत पेटली. तिला वाऱ्यावर हलवायचे असेल तर फक्त पहिला आकडा बदलून १२ करायचा, म्हणजे टोक एक घर उजवीकडे कलते. नववीच्या वर्गात मी हे फळ्यावर करून दाखवले, तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा वहीत ज्योती काढू लागली.

जागा अपुरी असली की चित्राची बुद्धीही वेगळी चालते. १९८१ साली शिगेरू मियामोतो यांनी मारिओ हे खेळातले पात्र काढले तेव्हा इतक्या कमी घरांत तोंड दाखवता येईना, म्हणून त्याला मिशी आली. केस नीट जमेनात, म्हणून टोपी आली. आणि पळताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून त्याने खांद्यावर पट्टे असलेल्या विजारीचा तो विशिष्ट पोशाख घातला. पुढे १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप एकाच आकाराचे आहेत, केवळ रंग बदललेला आहे. याला कोणी काटकसर म्हणेल. मला तर ती संसारात मुरलेल्या बाईची युक्ती वाटते.

आता ज्या बाईंमुळे मी हे पत्र लिहायला बसले त्यांच्याविषयी. सुझन केर या शिल्पकार होत्या. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिंटॉश संगणकाची चित्रचिन्हे त्यांनी काढली, पण सुरुवातीला त्यांच्यापाशी चित्र काढण्याचे साधनच तयार नव्हते. त्यांचे मित्र अँडी हर्ट्झफेल्ड यांनी सुचवले की ग्राफची वही घे आणि घरे रंगव, पडद्यावर मी उतरवून घेतो. ३२ बाय ३२ घरांत त्यांनी कचऱ्याची टोपली, घड्याळ, बॉम्ब आणि हसरा संगणक बसवला. हे त्यांना परके वाटले नाही, कारण धागे मोजून करायचे भरतकाम त्या आपल्या आईकडून शिकल्या होत्या. हे वाचले आणि मी उठून कपाटातला माझा दुसुतीचा जुना रुमाल काढून पाहिला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे पिक्सेल आर्टचे नाव निघाले की लोक लगेच ठिपक्यांच्या रांगोळीकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही; रांगोळीत ठिपका केवळ वाट दाखवतो, चित्र होते ते रेषेचे. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेत निळ्या पोर्तुगीज फरशांची भिंतभर चित्रे तू पाहिली आहेस, तीही यात बसत नाहीत, कारण तिथे एका माणसाचा चेहरा दोन-तीन फरशांवरून सरळ वाहत जातो आणि फरशीला स्वतःचे मत नसते. दुसुतीवरच्या फुलीच्या टाक्याचे तसे नाही. तिथे घर एक तर भरते किंवा मोकळे राहते, अर्धे राहात नाही. माझ्या लग्नाआधीच्या त्या रुमालावरच्या पोपटाच्या शेपटीत मी एक घर चुकले आणि अकरा ओळी भरून चोचीपर्यंत आल्यावर ते लक्षात आले. सगळे उसवण्याचा धीर नव्हता, म्हणून चोच तेवढी सरकवली. आजही तो पोपट रागावल्यासारखा दिसतो.

नंतर यंत्रे मोठी झाली, रंग भरमसाट झाले, नव्वदच्या दशकात खेळ त्रिमितीकडे वळले आणि ही सक्ती संपली. ती हातात मावणाऱ्या यंत्रांवर काही काळ टिकली. १९८९ च्या गेम बॉयला चारच छटा होत्या, आणि तुझ्या बाबांच्या नोकियाचा पडदा ८४ घरे रुंद व ४८ घरे उंच होता. एका चवथीला मधल्या काकांनी त्यावर गणपतीचा चित्रसंदेश पाठवला होता. तो गणपती ओळखू आला तो केवळ सोंडेमुळे, आणि तरी बाबांनी तो आल्यागेल्या सर्वांना दाखवला.

त्यानंतर आलेली माणसे मात्र आपखुशीने आली. एरिक बॅरोन या तरुणाला संगणकशास्त्र शिकूनही नोकरी लागली नव्हती. हात चालू राहावा म्हणून त्याने शेतीचा एक खेळ करायला घेतला, चित्रकला करता करताच शिकला, पात्रांचे चेहरे पुन्हा पुन्हा नव्याने काढले आणि चारेक वर्षे एकट्याने काम करून २०१६ साली स्टारड्यू व्हॅली पूर्ण केला. त्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या चेहऱ्यांची तुलना करून पाहा; तुझी चार वेळा ही तक्रार त्यापुढे फार लवकर केलेली आहे, असे मला वाटते.

काल रात्री जेवणे उरकल्यावर मी तुझ्या जुन्या ग्राफच्या वहीत सोळा बाय सोळा घरे आखून आपले वृंदावन काढले. रंग तीनच घेतले: काव, हिरवा आणि कागदाचा पांढरा. पहिल्यांदा चारही पायऱ्या काढल्या आणि तुळशीला जागाच उरली नाही. दुसऱ्यांदा पायऱ्या दोन केल्या, कोनाडा दोन घरांचा ठेवला, तरी तुळस कोबीसारखी दिसू लागली. मग तिच्या गोल कडेतली तीन घरे खोडली आणि एक घर शेंड्यावर एकटेच ठेवले, तेव्हा बाबा मागून जाता जाता म्हणाले, “हे आपले वृंदावन ना?” मी काही सांगितले नव्हते.

तो कागद या पत्रासोबत ठेवला आहे. कोनाड्यातली दोन घरे मोकळी सोडली आहेत. तिथे पेटलेली पणती दाखवायची की नुसता काळोख, ते तू ठरव आणि चवथीला येताना कागद परत आण.

तुझी,
आई