राउटर बदलायचा का? आधी लोणच्याची बरणी हलवा

बंगळूर,
रविवार, रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न.

आज परत तेच झालं. बाबांचं तोंड अर्धं उघडं, आईचा हात कपाळाला, चित्र थिजलेलं आणि आवाज गायब. मग बाबा फोन घेऊन जिन्याच्या चौथ्या पायरीवर जाऊन बसले, कारण म्हणे "इथे येतं". गुडघ्याला पट्टा बांधून दर रविवारी जिना चढायचा, तोही माझ्याशी बोलायला? मला बघवत नाही.

बाबा, दुकानातल्या मुलाने दाखवलेल्या राउटरचा फोटो पाहिला. चार अँटेना, वाय-फाय ६ (म्हणजे वाय-फायची सहावी पिढी), साडेपाच हजार. मुलगा खोटं बोलला असं नाही, पण त्याने आपलं वाईचं घर पाहिलेलं नाही. एवढ्यात घेऊ नका. का ते कागदावरच लिहिते, म्हणजे तुम्हाला फाइलला लावता येईल.

आपल्या इंटरनेट प्लॅनचा वेग ५० एमबीपीएस. जुन्या राउटरच्या खोक्यावर ३०० लिहिलंय. तो आकडा हवेतला, प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही मिळत नाहीत, तरी ५० ला तो पुरतो. वाय-फाय ६ चा खरा उपयोग एकाच वेळी पंधरा-वीस उपकरणं असलेल्या घरात. आपल्याकडे दोन फोन, एक टीव्ही आणि बाबांचा लॅपटॉप, तोही शेअर बाजार सुरू असेपर्यंत.

अडचण भिंतींची आहे. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. ५ चा वेग जास्त, पण तो भिंतीला लवकर हार मानतो. २.४ सावकाश, पण लांब जातो. आपला जुना फक्त २.४ चा. नव्यात दोन्ही असतील, म्हणजे सोप्यात टीव्ही झकास चालेल आणि दीड हात जाडीच्या भिंतीपलीकडे आईच्या स्वयंपाकघरात जवळपास आज आहे तसंच राहील. त्यातून आपला राउटर ठेवलाय कुठे, तर शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, आणि त्याला टेकून बाबांच्या निरोप समारंभातलं ते पितळी ताट. धातूच्या आडून वाय-फाय कसं जाणार? ताट माझंही लाडकं आहे, पण ते खुंटीवर टांगा.

पैसे काढण्यापूर्वी एवढं करा. लॅपटॉप राउटरला वायरने जोडून स्पीड टेस्ट करा आणि आकडा लिहा. मग वायर काढून तिथेच बसून दुसरा. मग स्वयंपाकघरात जाऊन तिसरा. पहिलाच १० आला तर दोष बहुधा लाइनचा. राउटरवाल्याकडे नाही, इंटरनेटवाल्याकडे तक्रार करायची. पहिला ४५-५० आणि तिसरा ४ आला, तर जागेचा. माझी पैज जागेवरच. हो, आई, तुझा मायक्रोवेव्ह त्या वेळी बंद ठेव, तोही २.४ च्याच आसपास चालतो आणि मध्ये मध्ये बोलतो.

बदलायचाच झाला, तर माझ्या मते कारण वेगळं आहे. हा राउटर २०१५ सालचा, कंपनीने त्याचे सुरक्षेचे अपडेट कधीच बंद केलेत. बाबा त्याच्यावरून बँक बघतात, पेन्शनचं बघतात. आणि सेटिंगच्या पानाचा पासवर्ड अजून "अ‍ॅडमिन" आहे. गणपतीत मीच उघडून पाहिला होता आणि बदलायचा राहिला, तेव्हा मलाही दोन शब्द ऐकवा. तर दिवाळीत येईन तेव्हा साधा, दोन्ही पट्ट्यांचा घेऊन येते, दीड-दोन हजारांत बसेल. त्याला चार शिंगं नसतील. जुन्याला रजा.

तोवरच्या सोयीसाठी या पत्राबरोबर १५ मीटरची तयार केबल पाठवतेय, दोन्ही टोकांना प्लग बसवलेली. भिंतीवरचा पांढरा डबा आहे तिथेच राहू द्या. त्यात येणारी बारीक वायर आतून काचेची असते, ती ओढू नका, मुडपू नका. डब्यातून राउटरपर्यंत फक्त ही नवी केबल न्यायची, दाराच्या चौकटीवरून, खिळे न मारता.

आणि राउटर ठेवायचा माजघरातल्या कोनाड्यात. घराच्या बरोबर मध्ये, छातीच्या उंचीवर, आणि मागची भिंत तिथे अर्धीच जाड, पलीकडे थेट स्वयंपाकघर. पूर्वी समई असायची तिथे. आता तिथे कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी आहे, हे मला माहीत आहे. आई, ऊन लागत नाही म्हणून तू ती तिथून हलवत नाहीस, हेही माहीत आहे. फळीखालचा कोपराही थंडच असतो, बघ. बाबांनी परस्पर उचलू नये, मागच्या वेळचं तेल अजून फरशीवर आहे.

आकडे मेसेज करा.

तुमची,
मनू