नातवंडांचा तंबू कुठे ठोकायचा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नातवंडांना घेऊन दापोलीजवळच्या कर्दे गावच्या किनाऱ्यावर तंबूत राहायचं ठरवलंत, फार आनंद झाला. तिथे खरी फजिती होते ती जागा चुकल्यामुळे, म्हणून आधी तेच लिहिते.

बाबा, तुम्ही पोचाल त्या दिवशी वद्य चतुर्थी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि तुमची पाऊणकी (पाऊणचा पाढा) पाठ आहेच: चार पाऊणे तीन. म्हणजे पूर्ण भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि पुढची पहाटे साडेतीनला, सगळे गाढ झोपेत असताना. ओहोटीला पुळण लांबरुंद दिसते आणि मुलं पाण्याजवळच तंबू हवा म्हणून हट्ट धरतात. ऐकू नका. काटक्या, शेवाळ, शिंपल्यांची सर्वांत वरची रेघ शोधा. ती पौर्णिमेच्या उधाणाची. तिच्याही वर वीस पावलं, सुरूच्या बनाच्या कडेला, तिथल्या माणसांना विचारून. माडाखाली मुळीच नको. नारळ आणि झावळ्या सांगून पडत नाहीत.

कोरड्या वाळूत तंबूच्या लोखंडी खुंट्या धरत नाहीत. वारा आला की त्या सुळकन निघतात आणि तंबू पोरांसकट हलायला लागतो. त्याऐवजी सहा कापडी पिशव्या घ्या. प्रत्येकीत चार-पाच किलो वाळू भरायची, तोंडाला दोरी बांधायची, दीड फूट खड्ड्यात पुरायची आणि वरून ओली वाळू पायाने दाबायची. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, नाहीतर रात्री शू करायला उठलेलं पोर अडखळून तोंडावर पडतं.

दार समुद्राकडे करू नका. दुपारी खारे वारे सगळी वाळू आत आणतात. रात्री मतलई वारे उलट, जमिनीकडून येतात, म्हणून दार उत्तरेला किंवा दक्षिणेला. समोरासमोरच्या खिडक्या वीतभर उघड्या ठेवा. बंद तंबूत श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते. मग गादी कुणी ओली केली यावरून भांडण.

आई, दाराशी पाण्याचं घमेलं आणि पायपुसणं ठेव. कोरड्या अंगाला चिकटलेली वाळू घासू नकोस, मुलांची कातडी सोलवटते. टाल्कम पावडर लावून हलकेच झटकली की वाळू गळून पडते.

जाताना वाटेत मुलांना गाडी लागू नये म्हणून ताम्हिणी घाटाच्या दोन तास आधी इडली किंवा पोळी, पोट तुडुंब नको. घाटात मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर. उलटीची पिशवी हाताशी ठेवा, डिकीत नाही.

संध्याकाळी ओहोटी असेल, पाणी आत ओढतं. धाकट्याच्या घोट्यापुढे पाणी नको आणि त्याचा हात सोडू नका. तंबूच्या आत मेणबत्ती, स्टोव्ह काहीही पेटवायचं नाही.

पिशव्या आणि दोरी थोरलीच्या सॅकमध्ये खालच्या कप्प्यात घडी करून ठेवली आहे.

तुमची लेक