योगवर्ग वस्तीत हवेत

महोदय,

आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या भव्य सामूहिक कार्यक्रमांविषयीचे आपल्या अंकातील वृत्त वाचले. २०२४ च्या योग दिनाचे सूत्र ‘स्वतःसाठी आणि समाजासाठी योग’ असे होते. परंतु वर्षातून एका सकाळी मैदानावर जमलेल्या अनोळखी गर्दीतून तो समाज कसा घडणार? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली, त्या महाराष्ट्रात तरी योग हा एका दिवसाचा सोहळा ठरू नये. वस्तीतील तीच माणसे रोज एकत्र आसने करतात, काही क्षण शांतपणे श्वासाकडे लक्ष देतात, तेव्हा एखाद्याची, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाची, गैरहजेरी शेजाऱ्यांच्या लगेच लक्षात येते. त्यासाठी महापालिकेने आपल्या शाळांची सभागृहे रोज पहाटे तासभर नागरिकांना विनाशुल्क खुली करावीत.

– एक वाचक, पुणे