गुडघ्यातले पाणी काढायला इंटर्नने शिकायचे कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गुडघ्यातले पाणी काढायला मी पहिल्यांदा सुई घातली ती एका शेतकऱ्याच्या गुडघ्यात. तेव्हा इंटर्न होतो. वरिष्ठांनी आदल्या दिवशी एकदा करून दाखवले होते, तेवढ्याच भांडवलावर तीनदा टोचले. तिन्ही वेळा सुई हाडाला लागली. त्या माणसाने दातओठ आवळून सोसले, एका शब्दाने बोलला नाही. आजही आठवले की लाज वाटते.

काम तसे लहान. मांडीचे स्नायू सैल झालेत ना, वाटी बाजूला सरकते ना, हे चाचपायचे आणि वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कडेखालून सुई न्यायची. पुस्तकात चार ओळी. पण बोटांना ते दहा-पंधरा वेळा केल्याशिवाय कळत नाही. त्यासाठीच सिलिकॉनच्या कातडीचा, आत रंगीत पाणी भरलेला गुडघा मिळतो. सुई चुकली की पाणी येत नाही. मागे घ्या, दिशा बदला, पुन्हा करा. कुणाला दुखत नाही.

हे तज्ज्ञांवर सोडून चालत नाही. सांध्यात पू झाला तर काही दिवसांतच कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, नासू लागते. पू आहे की गाऊटचे (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचे) स्फटिक, हे पाणी तपासल्याशिवाय नक्की होत नाही. पाणी न काढताच अँटिबायोटिक सुरू केले, तर कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू सापडणे अवघड होते. आणि ग्रामीण रुग्णालयात रात्री ड्युटीवर बहुधा नुकताच एमबीबीएस झालेला मुलगा किंवा मुलगीच असते.

एमबीबीएसला 2019 पासून क्षमताधारित, म्हणजे प्रत्यक्ष काम करता येण्यावर भर देणारा अभ्यासक्रम आहे, महाविद्यालयांना कौशल्य प्रयोगशाळाही बंधनकारक आहे. तरी मी पाहिलेल्या एका महाविद्यालयात हा गुडघा कपाटात कुलूपबंद होता. कातडी फाटली तर नवी मागवायला तरतूद नव्हती! महाविद्यालयाच्या तपासणीच्या दिवशी तेवढा तो टेबलावर येई.

सरावाचे महागडे पुतळे दोन कमी घ्या, पण कातडी आणि सुयांचा खर्च दरवर्षी मंजूर करा. रुग्णाला हात लावण्याआधी प्रत्येक इंटर्नने शिक्षकासमोर दहा वेळा मॉडेलवर पाणी काढावे, लॉगबुकात सही घ्यावी. शिकवायला माणसे नाहीत, ही सबब नेहमी ऐकतो. आम्हा निवृत्तांना आठवड्यातून एक दुपार बोलवा. मी बसने येईन, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ, सातारा