निळी डबी आईची, पांढरी बाबांची

पुणे, २१ एप्रिल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी कबुली, मग बाकीचं. बाबा, न्हाणीघरातल्या आरशामागची ब्लेडची पाकिटं आणि कपाटाच्या खालच्या खणातल्या कुरूपाच्या पट्ट्या पाडव्यापासून शोधत असाल, तर शोधू नका. दोन्ही माझ्याकडे आहेत. निघताना पिशवीत टाकल्या आणि मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही "चाळीस वर्षं कापतोय, काही झालं का?" म्हणाला असता आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते. रागावा, पण पुढचं वाचून मग रागावा.

त्या पट्टीवर सॅलिसिलिक आम्ल असतं. ते कुरूप खातं, पण कुरूप कुठे संपलं आणि चांगली कातडी कुठे सुरू झाली हे त्याला कळत नाही. दुसऱ्या कुणाला आग झाली की तो पट्टी उपटून फेकतो. तुम्हाला आग होत नाही, पंचाईत तिथेच आहे. ब्लेडचंही तेच. साखर असलेल्या माणसाच्या तळव्याला झालेली चीर दुखत नाही, म्हणून दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ती चीर राहिलेली नसते. पाडव्याला तुमच्या डाव्या टाचेवर जे पाहिलं ते पुन्हा लिहीत नाही. भरलं ते, देवाची कृपा.

मे महिन्यात येणं होत नाही हे फोनवर बोललेच. सुट्टी मागितली नाही असं नाही, हो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते, तेव्हा निदान तुमच्या पायांना नि माझ्या डोक्याला थोडा गारवा असेल. तोवर हे पार्सल. त्यात काय आहे नि कशाचं काय करायचं ते नीट लिहिते, कारण फोनवर आई "हो हो" म्हणते आणि फोन ठेवल्यावर बाबांना विचारते, "काय म्हणाली हो ती?"

मुख्य गोष्ट एवढीच की तुमच्या दोघांच्या पायांना एकच उपाय चालणार नाही. आईच्या पायांचे हवे तेवढे लाड करा. बाबांच्या पायांचे लाड करायचे नाहीत, त्यांच्यावर पहारा ठेवायचा.

आई, तुझ्यापासून सुरू करते. तळव्याच्या कातडीला घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाच्या ग्रंथी एकही नाही. त्यात अकोल्याची कोरडी हवा, दिवसभर पंखा, मागून उघडी स्लिपर. टाचेची जाड कातडी सुकून कडक होते, वजन पडलं की बाजूला पसरते आणि चिरते. म्हणून नुसतं तेल चोळून काही होत नाही. आधी कातडीत पाणी जायला हवं, मग त्यावर तेलकटाचं झाकण. हा क्रम चुकला की तू म्हणतेस तसं, "लावते तर रोज, पण उपयोग नाही."

आठवड्यातून दोनदा, रात्री जेवणं आटोपल्यावर. दुपारी अजिबात नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात थंड नळालाही चटका देणारं येतं. सकाळीच बादली भरून न्हाणीघरात झाकून ठेव, तेच पाणी संध्याकाळी अंगाला लागेल इतकं कोमट असतं, तापवायची गरज नाही. घमेल्यात चार-पाच लिटर, त्यात चमचाभर साधा शाम्पू. बस्स. मीठ नको, मीठ कातडी आणखी सुकवतं. लिंबू आणि खाण्याचा सोडा तर नकोच. शेजारच्या काकू काहीही सांगोत, भेगेत लिंबू गेलं की काय होतं ते तुला मी सांगायला नको. शिवाय लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात गेली की तिथे भाजल्यासारखे चट्टे उठतात.

पाय दहा मिनिटं बुडव. घड्याळ लावून दहा. अर्धा तास बसलीस तर कातडी पांढरी, सुरकुतलेली होते आणि नंतर आधीपेक्षा जास्त सुकते. मग वज्री. नवी पाठवली आहे, जुनीची धार गेली आहे आणि तिच्या खाचांत किती वर्षांचं काय आहे देव जाणे. ओल्या टाचेवर एकाच दिशेने दहा-बारा वेळा, हलक्या हाताने. खालची कातडी गुलाबी दिसली की थांब. भेगेच्या आत वज्री घालायची नाही, फक्त भेगेच्या कडा सपाट करायच्या. सगळं एकाच दिवशी घासून काढायचा तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तवा घासावा तशी तू टाच घासतेस. जास्त घासलं की कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड होते. नंतर वज्री धुऊन उन्हात वाळव.

पंच्याने टिपून घे, बोटांच्या बेचक्यांतही. आणि अजून ओलसरपणा आहे तोवर, दोन-तीन मिनिटांच्या आत, निळ्या डबीतलं मलम.

निळी डबी रिकामीच येईल, घाबरू नकोस. तयार करून पाठवलं असतं, पण या दिवसांत कुरिअरच्या गाडीत त्याचा रस्सा झाला असता. सामान पाठवलंय: कोकम तेलाचा ५० ग्रॅमचा गोळा (मालवणकडे भिरंडेल म्हणतात ते), १५ ग्रॅम मधमाशीचं मेण, आणि एरंडेल. एरंडेल चार चहाचे चमचे घ्यायचं, म्हणजे २० मिली. नुसता गोळा दिव्यावर धरून भेगेवर ओढायची पद्धत कोकणात जुनी आहे, पण तो ३८-४० अंशांना वितळतो. आपल्या घरात दुपारी त्याचं पाणी होईल. मेण साठ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून ते घालायचं.

पातेल्यात दोन पेरं पाणी उकळायला ठेव, त्यात स्टीलची वाटी. वाटी अगदी कोरडी हवी. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी मलम महिन्याभरात वास मारतं. आधी मेण किसून वितळव, मग गॅस बारीक करून कोकम तेल, ते विरघळलं की गॅस बंद आणि मग एरंडेल. चमच्याने ढवळ. थंड ताटलीवर एक थेंब टाकून बघ, पाकाची तार बघतेस तसं. बोटाने दाबल्यावर तुपासारखं पसरलं तर झालं. पाणीदार राहिलं तर मेणाचा एक कपटा आणखी, मेणबत्तीसारखं कडक झालं तर अर्धा चमचा एरंडेल. मग लगेच डबीत ओतून वीस मिनिटं फ्रीजमध्ये. आपोआप हळूहळू निवू दिलंस तर कोकम तेल कणीदार होतं, रव्यासारखं लागतं. बिघडत नाही, पण टोचतं. हळद घालू नकोस. ती तेलात विरघळत नाही, तळाशी बसते आणि चादरी पिवळ्या करते.

वाटाण्याएवढं मलम एका टाचेला पुरे. वर सुती मोजा. आणि हे लक्षपूर्वक वाच: मलम लावायच्या आधी बाथरूमला जाऊन ये, पलंगावर बसूनच लाव, मोजे घालून मगच पाय जमिनीला टेकव. तेलकट पाय आणि गुळगुळीत फरशी. जिन्याची ती गोष्ट एकदाच पुरे आहे आपल्या घराला.

आता नाजूक मुद्दा. गुडघ्यामुळे तुझा हात टाचेपर्यंत पोचत नाही. पाडव्याला पाहिलं मी, तू चमच्याच्या मागच्या टोकाने तूप लावत होतीस. तर मलम बाबांनी लावायचं. नवऱ्याने पायाला हात लावायचा नसतो, आजी असती तर काय म्हणाली असती, सगळं माहीत आहे. आजी असती तर तिच्या टाचांना तूच लावलं असतंस, आणि तिने लावून घेतलं असतं. बाबांना मी विचारलं आहे. ते म्हणाले, "तिने पाय पुढे केला तर." तेव्हा कर पाय पुढे.

आणि त्यांचे पाय तू बघायचे. त्यांना वाकून तळवा दिसत नाही. तुझा मोतीबिंदू निघालाय, तुला सुईत दोरा ओवता येतो.

उष्णतेसाठी तुझी काशाची वाटी आहेच. अर्धा चमचा तूप, एकेका तळव्याला दहा मिनिटं, टाचेकडून बोटांकडे. तळवा काळा पडला की "बघ किती उष्णता निघाली" म्हणतेस, पण ते काशातलं तांबं तुपाशी घासून काळं होतं. ज्याच्या अंगात उष्णता नाही त्याचाही तळवा काळा होईल. पण झोप छान लागते हे खरं. दहावीच्या परीक्षेत रोज रात्री लागायची. हवी तेव्हा कर, फक्त उघड्या भेगांवरून वाटी फिरवू नकोस. शतधौत घृत करायचं मनात असेल तर थोडंच कर: चार चमचे तूप, तांब्याच्या परातीत तेवढंच पाणी, फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी, असं शंभरदा. पांढरं, लोण्यासारखं होतं आणि गार लागतं. शेवटचं पाणी नीट निथळलं नाही तर आंबूस वास येतो. फ्रीजमध्ये ठेव, पंधरा दिवसांत संपव. आणि मेंदी लावलीस तर घरच्या पानांची. बाजारातल्या काळ्या मेंदीत केस रंगवायचं रसायन असतं, फोड येतात.

बाबा, आता तुम्ही.

तुम्ही पाय पाण्यात बुडवून बसायचं नाही. कोमट नाही, थंड नाही, मिठाचं तर नाहीच. रोज साबणाने धुवायचे, पुसायचे, झालं. पाण्याचा अंदाज तुमच्या पायाने घ्यायचा नाही, आईच्या कोपराने घ्यायचा. पांढऱ्या डबीत १० टक्के युरियाचं मलम आहे. ते तळव्याला आणि टाचेला, रोज रात्री. बोटांच्या बेचक्यांत अजिबात नाही, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात आणि चिखल्यांतून जंतू आत शिरतात. वज्री, वाटी, पट्टी, ब्लेड तुम्हाला काही नाही. नखं आईने सरळ रेषेत कापायची, कोपरे खोल घ्यायचे नाहीत. कुरूप डॉक्टर काढतील. ३० तारखेची वेळ मी घेऊन ठेवली आहे. तुम्हाला न विचारता, हो. विचारलं असतं तर ती पुढच्या दिवाळीवर गेली असती.

रात्री तळपायांची आग होते ती उन्हाळ्यामुळेच असेल असं समजू नका. दुधीचा कीस ठेवून बरं वाटत असेल तर ठेवा, बर्फ मात्र नको. पण ती आग हिवाळ्यातही होती, मला आठवतं. ती नसांची असू शकते. साखरेची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, त्यानेही असं होतं. डॉक्टरांना दोन्ही सांगा.

तोवर घरी एक करून बघा. तुम्ही डोळे मिटायचे. आईने तर्जनीच्या टोकाने, न दाबता आणि गुदगुल्या न करता, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा: दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं, करंगळ्या. सहा जागा. स्पर्श कळला की "हो" म्हणायचं. दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. आई "कळलं ना?" असं विचारणार, ते विचारायचं नाही.

वाळवणाच्या दिवसांत गच्चीवर अनवाणी जायचं नाही, कुरडया उलटायला एक मिनिट म्हणूनसुद्धा. हवा ४४ अंश असते तेव्हा उन्हातली फरशी साठच्या आसपास जाते. आईला चटका बसतो, ती नाचत परत येते. तुम्ही शांतपणे उभे राहता, त्याची मला भीती वाटते. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, आणि घ्यायची ती संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. घालण्याआधी आत हात फिरवायचा. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार येतो आणि तुम्हाला कळत नाही.

सहा जोड पांढरे मोजे आहेत. रंगीत का नाही घेतले असं आई म्हणेल. पांढऱ्यावर रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. इलास्टिक घट्ट वाटलं तर कात्रीने दोन ठिकाणी कापा. दांड्याचा आरसाही आहे, आई माहेरी-बिहेरी गेली तर तळवा बघायला. फोड, लाली, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा सुजलेला, काळपट डाग, वास, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. हळद दाबायची नाही, "उद्या बघू" म्हणायचं नाही, मला त्रास नको म्हणून लपवायचं तर मुळीच नाही. मला त्रास लपवल्याने होतो.

खूप हुकूम सोडले. पाय दाबून द्यायला जवळ असते तर एवढं लिहिलं नसतं.

डब्यांची अदलाबदल करू नका. युरिया आईच्या उघड्या भेगांत झोंबेल, आणि आईच्या मलमाचा जाड थर बाबांच्या पायावरची जखम झाकून टाकेल. म्हणून रंग वेगळे घेतले.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, पार्सलच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नेलकटर आहे, मोठ्या दांड्याचं. ते आईच्या हातात द्या. आणि आई, पहिल्यांदा मलम कणीदार झालं तर टाकून देऊ नकोस, पुन्हा वितळवून लगेच गार कर.