टक्कररोधक यंत्रणेवर किती विसंबावे?

मा. संपादक,
स. न.

'आकाशातील टक्कर थोडक्यात टळली, टीकॅसमुळे प्रवासी बचावले' अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. बातमी खोटी नसते, परंतु विमानात टीकॅस ही टक्कररोधक यंत्रणा बसवली की टकरीची चिंता मिटली, असा समज तिच्यामुळे दृढ होतो. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरत असलेले प्रवासी विमान आणि लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर एकमेकांवर आदळून ६७ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानात टीकॅस होते आणि ते चालूही होते.

ही यंत्रणा आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरकडे, म्हणजे विचारणेला आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाकडे, रेडिओलहरींनी विचारणा करते, उत्तरांवरून त्यांचे अंतर व उंची जाणून घेते आणि धोका दिसल्यास आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असा इशारा व त्यानंतर वर किंवा खाली जाण्याचा आदेश देते. डावीउजवीकडे वळायला ती सांगत नाही. ज्याचा ट्रान्सपॉन्डर बंद आहे, ते विमान तिला दिसतच नाही. सप्टेंबर २००६ मध्ये ब्राझीलवर ३७,००० फुटांवर एका खासगी जेटशी धडक होऊन 'गोल' या विमान कंपनीच्या बोइंगमधील सर्व १५४ जण दगावले. जेटच्या ट्रान्सपॉन्डरचे प्रक्षेपण बंद असल्याने दोन्ही विमानांतील टीकॅस निरुपयोगी ठरले होते. आदेश मिळाला तरी तो पाळला जाईलच, असेही नाही. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेनजवळ टीकॅस रशियन विमानाला 'वर जा' सांगत होते आणि जमिनीवरील हवाई वाहतूक नियंत्रक 'खाली या' म्हणत होता. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, समोरच्या मालवाहू विमानाने आपल्या टीकॅसचे ऐकले, दोन्ही विमाने खाली आली आणि ७१ जीव गेले. अशा वेळी टीकॅसचाच आदेश मानायचा, हा नियम त्यानंतर निःसंदिग्ध शब्दांत मांडला गेला.

वॉशिंग्टनची मर्यादा मात्र याहून वेगळी आहे. जमिनीपासून सुमारे १,००० फुटांच्या खाली आल्यावर टीकॅस आदेश देणे थांबवते, आणि ते योग्यच आहे, कारण तेथे 'खाली जा' म्हणणे म्हणजे जमिनीवर आदळायला सांगणे होय. ही टक्कर सुमारे ३०० फुटांवर झाली. वैमानिकांना जवळपास २० सेकंद आधी 'ट्रॅफिक'चा इशारा मिळाला होता. त्यापुढचा आदेश मिळणे शक्यच नव्हते.

मला सर्वाधिक अस्वस्थ करते ते पुढचेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने नोंदी तपासल्या, तेव्हा आढळले, की २०११ पासून त्या विमानतळाच्या परिसरात हेलिकॉप्टर जवळ आल्यामुळे महिन्यातून किमान एकदा तरी एखाद्या प्रवासी विमानाला टीकॅसचा आदेश मिळत होता. नदीकाठाने २०० फुटांवरून जाणारे हेलिकॉप्टर आणि धावपट्टी क्रमांक ३३ वर उतरणारे विमान यांच्यात आखलेल्या मार्गांनुसारही काही ठिकाणी जेमतेम ७५ फुटांचे अंतर उरत होते. म्हणजे यंत्रणेने आपले काम वर्षानुवर्षे केले होते, आणि प्रत्येक आदेश मार्गांच्या आखणीतील दोषाची नोंद होता. त्या नोंदी एकत्र करून मार्ग बदलण्याचे काम माणसांचे होते. ते ६७ मृत्यूंनंतर झाले.

हरियाणातील चरखी दादरी येथे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन विमानांच्या टकरीत ३४९ जणांचा बळी गेल्यानंतर भारताने ही यंत्रणा सक्तीची केली. आता त्यापुढचे पाऊल टाकायला हवे. टीकॅसचे आदेश कोठे, किती उंचीवर आणि किती वेळा मिळाले, याची स्थळनिहाय आकडेवारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियमितपणे लोकांपुढे ठेवावी. मुंबईकरांना तिचे विशेष महत्त्व आहे, कारण समुद्रातील तेलफलाटांकडे ये-जा करणारी हेलिकॉप्टरे जुहूहून उडतात आणि मुख्य विमानतळ तेथून अगदी जवळ आहे. वृत्तपत्रांनीही अशा घटनेची बातमी देताना केवळ इशारा मिळाला होता की आदेश, विमान किती उंचीवर होते आणि मुळात दोन विमाने इतकी जवळ कशी आली, हे विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले, मुंबई